दाराबाहेरची ऊब

ही घडलेली गोष्ट आहे. कुणाला खोटी वाटली तर वाटू दे. जिच्या बाबतीत घडली, त्या अनुयाने ती आजवर दोनच माणसांना सांगितली, आणि दोन्ही वेळा शेवटचा भाग गाळून.

इथे तो भागही आहे.

जयपूर. राजा पार्कच्या गजबजाटापासून दोन वळणं आत, एका अरुंद गल्लीतलं जुनं दुमजली घर. त्या घराचं तळघर. यंदाच्या मे महिन्यातला एक बुधवार.

रात्र नव्हती.

भर दुपारचे दोन वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

अनुयाचे वडील वसंतराव मूळचे सांगलीचे. विमा कंपनीच्या बदलीने त्यांना पस्तीस वर्षांपूर्वी जयपूरला आणून टाकलं, आणि निवृत्तीनंतरही ते परत गेले नाहीत. "सांगलीत आता मला ओळखतं कोण? इथे निदान भाजीवाला तरी 'रावसाब' म्हणतो," असं सांगायचे. त्यांना नाद एकच, दुर्बिणीचे आरसे घासायचा. जोहरी बाजाराच्या मागे खडे पॉलिश करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे ते चार महिने रोज संध्याकाळी जाऊन बसले होते. हात हलका कसा ठेवायचा, ते तिथे शिकले. पुढे चाकसूच्या पलीकडे, दिव्यांपासून लांब, एका शेताच्या बांधावर स्वतःची दुर्बीण मांडून त्यांनी नऊ वर्षांच्या अनुयाला शनीची कडी दाखवली. तिचं पुढचं शिक्षण, नोकरी, सगळं त्या बांधावरच ठरलं म्हणायचं.

आता ती चाळिशीची. मोठ्या दुर्बिणींना जोडायची यंत्रं बनवणाऱ्या एका गटात काम करते. गट पुण्यात, ती जयपूरला.

ते यंत्र काय करतं हे समजायला अवघड नाही. लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनशेजारी कुणी उदबत्ती लावली, तर तिचं टोक लांबून दिसेल का? हॅलोजनसमोर नेमका अंगठा धरला, तर कदाचित दिसेल. तारा म्हणजे हॅलोजन, त्याच्या शेजारचा ग्रह म्हणजे उदबत्ती. आणि हे यंत्र म्हणजे तो अंगठा. कोरोनाग्राफ म्हणतात त्याला. पण अंगठा धरूनही उजेड कडेने सांडतो, आणि यंत्रातला आरसा जरासा जरी खडबडीत असला, तर त्या सांडलेल्या उजेडाचे ठिपके होऊन ग्रहासारखे दिसायला लागतात. माणसं फसतात.

गटाला तळहाताएवढा एक आरसा हवा होता. बाहेरून मागवलेले दोन आरसे मनासारखे निघाले नाहीत. शेवटी अनुयाच म्हणाली, आमच्या बाबांना विचारून बघू?

वसंतरावांनी त्या आरशाला अकरा महिने दिले.

चाचणी तळघरात व्हायची, कारण जमिनीखाली हवा थंड आणि स्थिर. टेबलाच्या एका टोकाला केसाएवढ्या छिद्रातून येणारा उजेड, तो खोटा तारा. मध्ये आरसा आणि तो अंगठा. दुसऱ्या टोकाला कॅमेरा. खोलीत तीन तापमापक होते: एक दारापाशी, एक टेबलावर, एक अनुयाच्या खुर्चीमागे. तिच्या अंगाच्या उष्णतेने टेबलावरची हवा हलू नये म्हणून मध्ये एक जयपुरी रजई पडद्यासारखी टांगलेली. माणूस नुसता जवळून गेला तरी चित्र थरथरतं, इतकं ते नाजूक काम. मागच्या गल्लीतल्या भोजनालयाचा मोठा पंखा दुपारी दोन ते चार बंद असतो, म्हणून वेळही तीच ठरलेली.

आणि एक नियम होता. वसंतरावांनीच केलेला.

दार एकदा लागलं की सत्तर मिनिटं उघडायचं नाही.

"घराला आग लागली तरी मला हाक मारू नका," ते जेवताना बजावायचे. "आधी बंबवाल्यांना बोलवा. ते येईपर्यंत माझं होतं."

"आणि मलाच काही झालं तर?" अनुयाची आई मधुमती विचारायची.

"मग तू बाहेर जिन्यावर बस. मी आलोच."

मार्च महिन्यात बासोड्याच्या दिवशी आई समोरच्या माथुर आंटींबरोबर चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला गेली होती. घरात दोघंच. त्या दिवशी वसंतराव म्हणाले, "आज तूच बस आत. मला जरा पडावंसं वाटतंय."

दोन वाजून दहा मिनिटांनी अनुयाने तळघराचं दार लावून घेतलं.

दोन एकेचाळीसला दारावर टकटक झाली.

एकच. हलकी.

"बाबा, रुका ना जरा. चालू आहे," ती रजईमागूनच म्हणाली.

बाहेर क्षणभर काहीच नाही. मग त्यांचा आवाज आला.

"बरं. चालू दे."

तीन वीसला तिने दार उघडलं. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, दाराला लागूनच बसले होते. डोकं भिंतीला टेकलेलं. चष्मा हातात. तिला वाटलं, डोळा लागलाय. "बाबा, चला ना आत, सगळं पूर्ण झालंय," म्हणत तिने खांद्याला हात लावला...

डॉक्टर म्हणाले, हृदय. तिने दार उघडलं तेव्हाच त्यांना जाऊन वीस-पंचवीस मिनिटं तरी झाली असतील.

त्या रात्री घरात चूल पेटली नाही. पण बासोड्याला अख्ख्या मोहल्ल्यात कुणाचीच पेटत नाही; सगळे आदल्या दिवशीचं थंड खातात. माथुर आंटी ताट घेऊन आल्या, गार पुऱ्या आणि ताकात शिजवलेली बाजरीची राबडी. "खा ले बेटा, आज तो सब यही खाते हैं," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून गेल्या. मायलेकींनी ते मुकाट्याने खाल्लं.

अनुया सगळ्यांना सांगत राहिली, बाबा जिन्यावर बसल्या बसल्या गेले.

टकटकीबद्दल ती कुणाला बोलली नाही.

आईलासुद्धा नाही.

मे उजाडला. पुण्याहून शुभंकरचा फोन आला. गटातला सगळ्यात धाकटा मुलगा, तिला ताई म्हणायचा.

"ताई, असं विचारायला बरं नाही वाटत. पण बाबांच्या आरशाच्या चाचणीचा एक स्वच्छ रन लागेल, पूर्ण सत्तर मिनिटांचा. पुढच्या गुरुवारी आरसा न्यायला गाडी येतेय. पावसाळ्याआधी वर डोंगरावर, दुर्बिणीत बसवायचाय. नाहीतर सर पुन्हा बाहेरचाच मागवतील."

"मतलब, बाबांचा आरसा नाहीच लावणार?"

"रन नसला तर कसा लावणार? मार्चमधला आहे ना? तोच पाठवा."

"तो बिघडलाय."

"पाहिलात तुम्ही?"

"बिघडलाय म्हटलं ना, शुभंकर."

तिने ती फाइल उघडलीच नव्हती. उघडणारही नव्हती.

शुक्रवारी दुपारी ती दोन महिन्यांनी तळघरात उतरली. सगळं पुसलं, जुळवलं, दार लावलं. अर्धा तास उत्तम गेला. अंगठ्याच्या कडेने सांडणारा उजेड इतका कमी होता की तिला बाबांच्या हाताचा अभिमान वाटला.

मग पडद्यावरचे ठिपके... थरथरले.

डाव्या बाजूने. दाराच्या बाजूने.

दारापाशीचा तापमापक अर्ध्या अंशाने चढला होता. तिने घड्याळ पाहिलं.

दोन एकेचाळीस.

तिने रन बंद केला. दार मात्र उघडलं नाही. चार वाजेपर्यंत ती रजईमागे बसून राहिली.

शनिवारी तिने मुद्दाम एक वाजताच सुरुवात केली. म्हटलं, पंखा तर पंखा. बिघाड यंत्रात असेल तर अर्ध्या तासाने, दीड वाजता दिसेल. दीड वाजला, दोन वाजले. पंख्याची बारीक थरथर दोनला थांबली. आणि दोन एकेचाळीसला... तीच लहर. तिथूनच.

ती माथुर आंटींकडे गेली. "आंटी, दोपहर में आपकी पानी की मोटर चलती है क्या? ढाई-पौने तीन के आसपास?"

"दोपहर में? बेटा, इस गर्मी में मोटर क्या, मैं खुद नहीं चलती."

शुभंकरला तिने फक्त आकडे सांगितले. तो म्हणाला, "घोस्ट असेल, ताई. आरसा फिरवून बघा." तो थट्टा करत नव्हता. काचेतून उलटून येणाऱ्या फसव्या उजेडाला या कामात तोच शब्द आहे. तपासायची रीतही साधी. आरसा चौथाई फिरवायचा. खोट आरशात असेल, तर ठिपकाही त्याच्याबरोबर फिरतो. जागेवरच राहिला, तर ते आरशातलं नव्हे. ते खरंच तिथे आहे.

सोमवारी तिने आरसा फिरवला.

थरथरणारा ठिपका जागचा हलला नाही; लहर दाराच्याच बाजूने आली.

बाबांचा आरसा निर्दोष होता. तिला आनंद व्हायला हवा होता. ती खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसून राहिली. आरशात काही नाही, टेबलावर काही नाही. मग दाराशी काय आहे?

मंगळवारी तिने दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. चौकटीला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली. मुंगी आली नसती.

ऊब आली.

बुधवार शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. सकाळीच तिने ठरवलं, आज काहीही झालं तरी रन थांबवायचा नाही. ठिपके थरथरले तर थरथरू देत, तेवढा भाग नंतर काढता येईल. सत्तर मिनिटं पुरी करायचीच. दार उघडलं तर मात्र सगळं संपलं. बाहेरच्या त्रेचाळीस अंशांची हवा आत घुसली की टेबल शांत व्हायला सहा-सात तास लागतात, आणि तोवर भोजनालयाचा पंखा सुरू झालेला असतो.

दोन दहाला तिने दार लावलं. पट्ट्या लावल्या.

शांतता. लॅपटॉपची बारीक घरघर, बस.

दोन पस्तीस.

दोन चाळीस.

दारापाशीचा आकडा... चढायला लागला. ठिपके थरथरले. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

आणि मग...

टक्.

एकच. हलकी.

तिच्या जिभेवर तेच शब्द आले. 'रुका ना जरा.' अगदी ओठांपर्यंत आले. स्वतःच्या तोंडाची तिला किळस आली.

अकरा महिने त्या माणसाने तो आरसा घासला होता. आता दार उघडलं तर तो डोंगरावर जाणार नाही. नाही उघडलं तर...

ती उठली. रजई बाजूला सारली. पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि दार सताड उघडलं.

जिना रिकामा होता.

वरून दुपारचा पांढरा उजेड खाली येत होता. कुणी नाही. चाहूल नाही. गरम हवेचा लोट तिच्या अंगावरून आत गेला, आणि मागे कॅमेऱ्याचं चित्र पार विस्कटलं असणार, हे तिला न बघताच कळलं.

तिने वाकून शेवटच्या पायरीवर हात ठेवला. गरम होती. मे महिना, असणारच. मग तिने वरच्या पायरीवर हात ठेवला. त्याच्या वरच्या.

त्या गार होत्या.

"कोण आलंय गं?" वरून आईचा आवाज आला.

"कुणी नाही, आई."

"मग मघाशी जिना कोण उतरलं?"

आई गुडघ्यांवर हात ठेवत एकेक पायरी उतरली आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर बसली. शेवटच्या नाही. तिच्याकडे बघता बघता अनुयाचा बांध फुटला.

"आई, त्यांनी दार वाजवलं होतं. त्या दिवशी. मी थांबा म्हटलं. ते बरं म्हणाले, आणि इथेच बसले."

आईने तिचा हात हातात घेतला.

"माहितेय मला."

"काय माहितेय?"

"चष्मा हातात होता म्हणालीस. आरशात बघायचं असलं की ते आधी चष्मा काढायचे. म्हणजे आत यायलाच आले होते. आणि दार न वाजवता आत येणारा माणूस होता का तो?"

"मग इतके दिवस विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. या घरात सगळे थांबतच आलेत."

"त्यांना दुखत असणार, आई. एवढं दुखत होतं तर त्यांनी पुन्हा का नाही वाजवलं?"

"दोनदा? ते?" आईला हसू आलं, आणि ते हसू मध्येच मोडलं. "जेवायला त्यांना चारदा बोलवावं लागायचं. पण स्वतः जन्मात कुणाला दुसऱ्यांदा हाक मारली नाही त्यांनी. मला बघायला आले तेव्हासुद्धा एकदाच विचारलं, चालेल का? मी उत्तर द्यायच्या आत माझे वडीलच चालेल म्हणाले, म्हणून झालं लग्न."

दोघी तिथेच बसून राहिल्या. आत दार उघडंच होतं.

बुधवारचा रन गेला. आता एकच फाइल उरली होती.

संध्याकाळी, वर जेवणाच्या टेबलावर, आई समोर मेथी निवडत असताना अनुयाने मार्चमधली फाइल उघडली. दोन दहा ते दोन चाळीस, सुरेख. दोन एकेचाळीसला दारापाशीचा आकडा चढला. ठिपके थरथरले. ती थरथर म्हणजे फटीतून येणारी त्यांच्या अंगाची ऊब होती. ते दारापाशी उभे होते, मग टेकून बसले.

बारा मिनिटं ती ऊब तशीच राहिली.

मग कमी होऊ लागली. एकदम नाही. टेबलावर विसरलेला चहा निवतो, तशी.

तिला पुढे बघवलं नाही. तिने लॅपटॉप मिटला, तासाभराने पुन्हा उघडला आणि पुढचं न पाहताच पूर्ण फाइल शुभंकरला पाठवून दिली. काय झालं होतं तेही फोनवर सांगितलं, दार, टकटक, सगळं.

रात्री नऊला त्याचा फोन आला.

"ताई, याला तुम्ही बिघडलेला म्हणत होता? पहिला अर्धा तास छान आहेच. पण शेवटची पंधरा मिनिटं... इतकी शांत हवा मी कुठल्याही रनमध्ये पाहिलेली नाही. सरांनी पाहिलं. आरसा पास. उद्या गाडीत ठेवा."

तिने आईकडे बघून मान हलवली. आईने देवापुढे निरांजन लावलं.

"फक्त एक विचारू? तीनच्या सुमाराला तुम्ही खुर्चीवरून उठला होतात का?"

"नाही."

"मग कुणी आत आलं होतं?"

"दार बंद होतं, शुभंकर. तीन वीसला उघडलं."

"ठीक आहे. काहीतरी उपकरणाचं असेल. तेवढ्या फ्रेम काढून टाकतो."

फोन ठेवल्यावर तिने उरलेला भाग पाहिला. हाच तो भाग, जो तिने आजवर कुणाला सांगितला नाही.

दोन त्रेपन्नपासून दाराची ऊब कमी होत गेली होती. तीन वाजता ती संपली होती. खोली स्तब्ध.

तीन वाजून दोन मिनिटांनी दारापाशीचा तापमापक... पुन्हा चढला.

दार बंद. बाहेर पायरीवर बाबा. डॉक्टरांच्या हिशेबाने, गेलेले.

तीन चारला दारापाशीचा आकडा उतरला आणि टेबलावरचा चढला. ठिपके डावीकडून उजवीकडे असे थरथरत गेले, जसं कुणी टेबलाच्या कडेकडेने, धक्का लागू नये म्हणून जपून चालत जावं. आरशासमोर ती थरथर जरा रेंगाळली.

तीन पाचला टेबलाचा आकडा उतरला.

आणि खुर्चीमागचा चढला.

अनुयाच्या अंगाची ऊब त्या आकड्यात सुरुवातीपासूनच होती, एकसारखी. ही त्या उबेत पडलेली भर होती. तिथून ती हलली नाही. तीन वीसला अनुयाने रन बंद केला, तोवर पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत टेबलावरची हवा इतकी निश्चल होती की अंगठ्याच्या कडेने उजेडाचा कणही सांडत नव्हता. त्याच पंधरा मिनिटांवर आरसा पास झाला.

आरसा आता डोंगरावर आहे. दुर्बिणीत बसलाय, काम करतोय.

अनुयाला मात्र त्या दुपारचं एक आठवतं. मार्चमध्ये तळघरात गारठा असतो, म्हणून ती शाल पांघरून बसली होती. तीन वाजून गेल्यावर कधीतरी तिला एकाएकी बरं वाटलं होतं, पाठीशी कोवळं ऊन आल्यासारखं. तिने शाल खांद्यावरून काढून मांडीवर घेतली होती. आणि पडद्यावरची नजर न हलवता काम चालू ठेवलं होतं.

मागे वळून पाहिलं नव्हतं.

तळघराला आता कुलूप असतं. ती वरच्या खोलीत बसून काम करते. कधी कधी दुपारी मध्येच थांबते, आणि मागे वळून बघते.

मागे भिंत असते.